ताई आणि विमानाचं दार

ताईंबद्दल बोल म्हणालात तर आधी हे सांगते, की त्या गेल्यापासून जेवढे मेसेज आलेत ना, त्यात सगळं त्यांचं हसणं, त्यांची साडी नेसायची पद्धत आणि किती देश बघितले एवढंच आहे. हसायच्या छानच, नाही कोण म्हणतंय. पण कामाबद्दल कोणी चकार शब्द लिहिलेला नाही आणि मी एअर होस्टेसचं काम त्यांच्या हाताखाली शिकलेय, त्यामुळे मला तेच बोलायचंय.

आता दाराचंच घ्या. जुन्या बोइंग ७३७ विमानाचं दार बंद केलं की खाली वाकून एक दांडी, गर्ट बार म्हणतो आम्ही, ती जमिनीतल्या खाचांमध्ये अडकवायची, म्हणजे दार आर्म झालं. त्यानंतर कोणी दार उघडलं की स्लाइड, म्हणजे संकटात प्रवाशांना उतरवायची घसरगुंडी, बाहेर पडून फुगणार. आणि विमान गेटला लागल्यावर ती दांडी काढायची राहिली तर तीच स्लाइड बाहेर उभ्या माणसाच्या अंगावर. ताई नुसत्या नजरेने कधी चेक करायच्या नाहीत, दर वेळी वाकून दोन्ही टोकं बोटांनी चाचपणार, मग समोरच्या दाराचं बघणार, आणि समोरचीने त्यांचं बघितलं की नाही तेही बघणार. पाठ दुखायची तरी वाकायच्याच.

टेकऑफच्या वेळी जंप सीटवर, म्हणजे दाराजवळच्या आमच्या घडीच्या सीटवर, बसलेली बाई तुम्हाला निवांत वाटते, पण तेव्हा तिच्या डोक्यात उजळणी चालू असते. आग कुठल्या बाजूला असेल तर कुठलं दार, दार उघडायच्या आधी खिडकीतून बाहेर बघायचं, कुठल्या शब्दांत ओरडायचं, जवळच्या रांगेतला कोण मदतीला येईल. नवीन मॉडेलच्या विमानाला मंजुरी देताना निम्मीच दारं वापरून ९० सेकंदांत सगळे बाहेर काढून दाखवावे लागतात, तेवढाच वेळ हातात असतो असं ताई धरून चालायच्या. ट्रेनिंगमध्ये माझा आवाज बारीक निघाला तर म्हणाल्या, अगं विनंती करतेयस का, हुकूम दे! अजूनही घरी मी तसंच बोलते म्हणतात, असो.

आणि हे काम सुरुवातीपासून असंच आहे बरं का. १९३० मध्ये अमेरिकेत एलन चर्च पहिली स्टुअर्डेस, म्हणजे एअर होस्टेस, झाली, ती नर्स होती, विमान चालवायलाही शिकलेली, पण पायलट म्हणून बाईला कोण घेणार, मग तिनेच सुचवलं की नर्सना विमानात ठेवा. ठेवल्या, पण अटी काय, तर लग्न झालेलं नको, वय पंचविशीच्या आत आणि वजनावरही मर्यादा.

ह्या अटी कित्येक वर्षं टिकल्या. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा ही केस बघा, एअर होस्टेसने ३५व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हा, जे आधी होईल त्याला घरी जायचं असा नियम होता, आणि विमानात तिच्या बरोबरीने काम करणारे पुरुष मात्र ५८पर्यंत. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट रद्द केली, हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे असं म्हटलं. लग्नाची चार वर्षांची अट मात्र ठेवली, आणि कारणांमध्ये चक्क कुटुंब नियोजनसुद्धा होतं! मला तरी ते आजही पटत नाही.

आमच्याकडे अटी साधारण तशाच होत्या. ताईंनी लग्न लांबवलं, सासरच्यांना काय काय सांगितलं ते त्यांनाच माहीत. त्यामुळे ताई वय होऊन, रीतसर, पेन्शनचे कागद हातात घेऊन रिटायर झाल्या ह्याचं आम्हाला काय वाटलं असेल ते बघा, त्यांच्या आधीच्या कितीतरी जणींना निरोप समारंभच मिळाला नव्हता, लग्नपत्रिका छापली की नोकरी संपली.

त्यांच्या अख्ख्या नोकरीत खरीखुरी स्लाइड एकदाही उघडावी लागली नाही. बाकी त्यांची थट्टामस्करी, लेओव्हरचे, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाचे, किस्से वगैरे त्यांच्या बॅचच्या सांगतील, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहितीये, आणि काही तर माइकवर सांगण्यासारखे पण नाहीत. घ्या, माइक घ्या तुम्ही.