सर्व्हर कुणाचा?

[पडदाभर सदस्यांची यादी. एकेका नावावर आडवी रेघ उमटत जाते.]

ही रेघ बघा. लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर कंपनीने खातं बंद केलं, की नाव पुसलं जात नसे, त्यावर रेघ यायची. मे २००७च्या अखेरीस अशा शेकडो रेघा एकदम उमटल्या. आवडत्या पुस्तकांतली, मालिकांतली पात्रं घेऊन चाहते कथा लिहितात; त्या कथांचे, चर्चांचे गटही त्यांत होते. कंपनीने माफी मागितली, बरीच खाती परत आली. पण आपण परक्याच्या जागेत लिहितोय, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळून चुकलं.

त्याच वर्षी चाहत्यांनी ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही संस्था काढली. तिचं आर्काइव्ह ऑफ अवर ओन हे चाहत्यांच्या कथांचं संकेतस्थळ नोव्हेंबर २००९मध्ये खुलं झालं. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर आणि सर्व्हर संस्थेचे स्वतःचे.

[जिओसिटीजची पानं: चमचमते तारे, फावडं मारणारा चिमुकला माणूस.]

हा गडी अजून खोदतोय. लोकांनी स्वतःची फुकट पानं थाटलेलं जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ला बंद झालं. बंद पडणाऱ्या साइट जतन करणाऱ्या आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी जमेल तेवढं उतरवून घेतलं आणि पुढच्या वर्षी ६०० जीबीहून मोठा टोरेंट सगळ्यांसाठी खुला केला.

[काळी खिडकी. ओळी भराभर वर सरकताहेत.]

दिसायला कंटाळवाणं, पण खरं काम हेच. प्रोग्रॅम एक पान मागतो, त्यातल्या लिंक टिपतो आणि त्यांच्या मागे जातो. पान कधी मागितलं, सर्व्हरने काय उत्तर दिलं, हे सगळं पानासकट वॉर्क फाइलमध्ये साठतं. स्क्रीनशॉटमध्ये यातलं काही येत नाही, साधी लिंकसुद्धा दाबता येत नाही. मधेच आलेला ४२९ म्हणजे सर्व्हर म्हणतोय, जरा दमानं घ्या. मग वेग कमी करायचा. ४०४ म्हणजे पोचायला उशीर झाला.

कुलपाआडचं मात्र असं मिळत नाही. याहू ग्रुप्स या ईमेल-चर्चागटांचा साठा पुसला जाणार, हे ऑक्टोबर २०१९मध्ये जाहीर झालं. स्वयंसेवक एकेका ग्रुपचे सभासद होत गेले, डिसेंबरात त्यांचीच बरीच खाती अडवली गेली. खूप काही गेलं. गेलेल्याचं चित्रण अर्थातच आमच्याकडे नाही.

[तक्ता: कथेचं शीर्षक, टोपणनाव, जुना ईमेल.]

फाइल हाती आली तरी काम उरतंच. ओपन डोअर्स हा आर्काइव्ह ऑफ अवर ओन चालवणाऱ्या संस्थेचाच उपक्रम. बंद पडू घातलेले कथासंग्रह तो आपल्याकडे आणतो, तेव्हा लेखकांना ईमेल जातो: ही कथा तुमची का, नाव ठेवायचं का? जुने पत्ते बंद झालेले असतात, ईमेल परत येतात. टोपणनावं बदललेली असतात, मग जुन्या ओळखीतून माणूस शोधायचा. काहींना तरुणपणीचं लिखाण नकोच असतं. ते काढलं जातं.

[फोनवर डिस्कॉर्डचे चॅनेल.]

आता गप्पा डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरच्या अशा बंद गटांत चालतात. सर्च इंजिनलाही आत डोकावता येत नाही, त्यामुळे जतन करायचं तर आतल्याच कुणीतरी, बाकीच्यांना विचारून करायला हवं. आणि समूहाची स्वतःची साइट असेल, पण पासवर्ड एकट्याकडे आणि डोमेनचे पैसेही त्याच्याच कार्डावरून जात असतील, तर याच आठवड्यात दुसरा ॲडमिन नेमा.