बेसिंगस्टोकला न पोचलेली नाव

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे कालवा म्हटलं की आठवतं ते पाटाचं पाणी, ऊस आणि पाळीवरून होणारी भांडणं. आज ज्या कालव्याबद्दल बोलणार आहे, तो इंग्लंडमधला, आणि माल वाहायला खणलेला. त्याचं नाव बेसिंगस्टोक कालवा. कायदा झाला १७७८ साली, पाणी खेळलं १७९४ साली. लांबी ३७ मैल, लॉक २९. लॉक म्हणजे दोन दारांमधलं कुंड, त्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेतात. यातले सुमारे ३२ मैल आज नावेनं जाता येतं. शेवटचे पाच मैल गेले ते गेलेच.

वाट कशी आहे, ते ऐका. लंडनच्या नैऋत्येला, वेस्ट बायफ्लीटजवळ, वे नदीच्या जलमार्गातून हा कालवा फुटतो. वुडहॅमला सहा लॉक, मग वोकिंग शहर, पुढे पाच, ब्रुकवुडला तीन आणि डीपकटला एका ओळीत चौदा. ॲशला शेवटचा, एकोणतिसावा. त्यानंतर सुमारे १५ मैल एकही लॉक नाही. ऑल्डरशॉट, फ्लीट, ओडिहॅम असं सपाट पाणी थेट ग्रेवेलच्या बोगद्यापर्यंत. आणि तिथे वाट संपते. कालव्याचं मूळ टोक, बेसिंगस्टोक शहर, बोगद्याच्या पलीकडे.

हा बोगदा मुळात आराखड्यात नव्हता. टेकडीला मोठा वळसा घालून कालवा न्यायचा होता. पण टिल्नीच्या जमीनदाराला आपल्या जमिनीतून कालवा नको होता. म्हणून टेकडीच पोखरली, १,२३० यार्ड. तोच बोगदा १९३२ साली आतून ढासळला आणि पलीकडचा तुकडा कायमचा तुटला. एका माणसाच्या हट्टापायी सार्वजनिक कामाची वाट वाकडी होते, ते आपल्याकडेही रस्तारुंदीच्या वेळी गावोगाव दिसतं. असो.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्याशिवाय हा कालवा कळतच नाही.

साल १९१३. त्या वेळी बोगदा शाबूत होता, पण पलीकडच्या तुकड्यात नावा फिरकत नव्हत्या. जुन्या कायद्याबद्दल असा समज होता की पाच वर्षं कालवा वापरला नाही, तर जमीन मूळ मालकांकडे परत जाते. म्हणजे कालवा वाचवायचा, तर एक नाव बेसिंगस्टोकला पोचलीच पाहिजे. ए. जे. हार्म्सवर्थ नावाच्या नावाड्यानं ते अंगावर घेतलं. नावेचं नावच ‘बेसिंगस्टोक’. माल काय, तर वाळू. हिवाळ्याच्या तोंडावर ती ॲशहून निघाली.

अडचण काय होती, ती नीट समजून घ्या. कालव्याच्या तळाला चिकणमातीचा थर असतो. माती पाण्यात मळायची, थर द्यायचा, तुडवायचा, पुन्हा थर द्यायचा. ती ओली आहे तोवर पाणी धरते. वाळली की वैशाखातल्या काळ्या रानासारखी भेगाळते. मग वरून कितीही पाणी सोडा, खालच्या खडूच्या खडकात ते जिरून जातं. पलीकडच्या तुकड्याचं हेच झालेलं होतं. नाव चालवायला पाणी हवं, आणि नाव चालत नाही म्हणून तळ वाळलेला.

त्यात बोगद्याला काठाची वाट नाही. एरवी नाव घोडा ओढतो. इथे घोडा सोडून टेकडीवरून पलीकडे न्यायचा. आत माणसांनी नावेवर आडवं पडायचं आणि भिंतीला पाय लावून, पाऊल पाऊल टाकत भरलेली नाव रेटायची. अंधार, गारठा, वरून ठिबकणारं पाणी.

नाव रुतायची, पाणी साचायची वाट बघायची, पुन्हा थोडी सरकायची. अख्खा हिवाळा यात गेला. बेसिंग नावाच्या गावापर्यंत ती गेली. बेसिंगस्टोक तिथून हाकेच्या अंतरावर. पण पुढे पाणीच नव्हतं. नाव बेसिंगस्टोकला पोचली नाही.

आणि पुढे जाणकारांनी कायदा पुन्हा वाचला, तेव्हा असं दिसलं की नाव गेली नसती तरी कालवा हातचा गेला नसता! तरी मला तो प्रवास वाया गेला असं वाटत नाही. याच हार्म्सवर्थनं १९२३ साली अख्खा कालवा विकत घेतला, आणि १९४९ पर्यंत त्यावर मालाच्या नावा चालल्या. पुढे पडझड झाली. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं गाळ उपसून, लॉक बांधून काढले, आणि १९९१ मध्ये कालवा पुन्हा उघडला.

आज नाव न्यायची असेल तर? पुन्हा तेच सांगतो: पाणी. या कालव्याचं मुख्य पाणी ग्रेवेलच्या झऱ्यांचं. एक लॉक भरायला दीड लाख लिटरहून जास्त लागतं. म्हणून आधी चौकशी करा, लॉकची वेळ ठरवून घ्या. कोरड्या उन्हाळ्यात लॉक बंद ठेवतात. लॉकमध्ये दोन अरुंद नावा शेजारी शेजारी मावतात. सोबतीला दुसरी नाव येणार असेल तर थांबा, दोन्ही एकदम न्या, निम्मं पाणी वाचतं.

परतीला उतार आहे. लॉकमधलं पाणी खाली जाताना वरच्या दाराखाली दगडी उंबरठा उघडा पडतो. नावेची मागची बाजू त्यावर टेकली, तर पुढचं टोक पाण्यात जातं आणि नाव बुडते. म्हणून नाव पुढे धरा. पुन्हा सांगतो, उतरताना नाव पुढे धरा. काही पूल जेमतेम सहा फूट उंचीचे आहेत. छतावर कुणी बसू नये.

पाणी नितळ, त्यामुळे पाणवेली भरपूर. पंख्यात गुंतल्या की इंजिन बंद, किल्ली खिशात, मग मागचं, पंख्यावरचं झाकण उघडून वेली कापायच्या. झाकण घट्ट बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. सैल राहिलं, तर पंखाच पाणी आत फेकतो.

लांब नाव ओडिहॅमच्या पडक्या किल्ल्याजवळ वळवून घ्या. पुढे बोगद्यात हिवाळ्याला हजारो वटवाघळं झोपतात, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. बोगदा उघडावा असं काहींना वाटतं. मला वाटतं, आहे त्या ३२ मैलांना आधी पुरेसं पाणी मिळू दे.

पलीकडे हायवेनं कालवा मधोमध कापलाय आणि बेसिंगस्टोकच्या धक्क्यावर बसस्थानक झालंय. पण लंडनला तुमचं कुणी असेल, तर वोकिंगला रेल्वेनं उतरून काठानं चालता येतं. ग्रेवेलला विटांची कमान दिसते, खाली आरपार दिसणारं गार पाणी. तिथून पायवाट टेकडीवर चढते. घोडे जायचे, तीच.