धारेपासून बर्फगार होईपर्यंत

[अंधार. गोठ्यातला एकच बल्ब. पहिले काही सेकंद फक्त धारेचा आवाज]

हा आवाज आधी ऐका, मग बोलू. रिकाम्या किटलीत पहिल्या धारा पडतात तेव्हा पत्रा खणखणतो आणि किटली भरत गेली की तोच आवाज दबत दबत जातो, या ताईंना आत डोकावून बघावंसुद्धा लागत नाही, किती दूध निघालं ते कानालाच कळतं.

गाई दोन, त्यातली एक आत्ता भाकड. म्हणजे दूध एकीचं आणि वैरण दोघींची. जगात साधारण 15 कोटी घरांत दुधाचा धंदा आहे असं संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना सांगते, आणि गरीब देशांत यातली बहुतेक घरं अशीच, दोन-तीन जनावरांवर चालणारी.

आता हात बघा. पहिल्या तीन-चार धारा किटलीत नाहीत, वेगळ्या काळ्या तळाच्या वाटीत. काळ्यावर पांढरी गुठळी लगेच दिसते, आणि गुठळी दिसली की समजायचं कास सुजायला लागलीये, ते दूध बाजूला. मग आचळ धुवायचे आणि कोरड्या फडक्यानं पुसायचे. पुसताना कॅमेरा मुद्दाम जवळ नेलाय, कारण धुतात बरेच जण, पुसत कोणीच नाही, आणि ओल्या आचळावरून ओघळणारं पाणी सगळी घाण घेऊन थेट दुधात उतरतं. अंगठा मुडपून ओढायचं नाही, पूर्ण मुठीनं दाबायचं. आणि हे सगळं पटापट, कारण गाईनं एकदा पान्हा सोडला की हातात पाच-सात मिनिटंच असतात, मध्येच ती दचकली, कुत्रं भुंकलं, कोणी ओरडलं की पान्हा चोरते आणि उरलेलं दूध कासेतच राहतं.

धार झाली. ताईंनी लगेच गव्हाणीत वैरण टाकली बघा, ती माया तर आहेच पण त्यामागे कारणही आहे. धारेनंतर आचळाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं, गाय त्या वेळात शेणात बसली तर जंतू आत, चरत उभी राहिली तर वाचली.

[किटली बंद. पायवाट. फटफटायला लागलंय]

इथून घड्याळ सुरू होतं. कासेतून निघालेलं दूध गाईच्या अंगाइतकंच गरम असतं, 37-38 डिग्री, म्हणजे जंतूंना अगदी मानवणारं. ताज्या दुधात स्वतःची थोडी ताकद असते, दोन-तीन तास ते जंतूंना रोखून धरतं, पण त्यानंतर मात्र काही जंतू अर्ध्या तासाच्या आतच दुप्पट होतात आणि पुन्हा दुप्पट. म्हणजे ताईंची सगळी मेहनत, वैरणीचा खर्च, रात्रीचं उठणं, सगळं या दोन-तीन तासांच्या हवाली असतं. म्हणून हा चालण्याचा शॉट आम्ही कापला नाही, आहे तेवढा ठेवलाय. कंटाळा येईल कदाचित, पण येऊ दे, रोजची वाट एवढीच लांब आहे.

किटली स्टीलची आहे तेही बघून ठेवा. प्लॅस्टिकचा कॅन स्वस्त पडतो, हलका पडतो, पण त्याचं तोंड लहान, हात आत जात नाही, आतल्या ओरखड्यांत कालचं दूध बसतं आणि आजचं नासवतं.

[संकलन केंद्र. रांग]

हे केंद्र. एक खोली, एक काटा, एक मशीन. पण या फिल्ममध्ये सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथेच थांबणार आहोत.

आधी दूध ढवळलं जातं. वाटभर हिंदकळून आलंय ना, मग ढवळायचं कशाला असं वाटेल, पण दूध जरा उभं राहिलं की साय वर चढते, वरून सॅम्पल घेतलं तर फॅट खोटं जास्त आणि तळातून घेतलं तर खोटं कमी. ढवळून घेतलेलं छोटं सॅम्पल मशीनच्या नळीखाली जातं, मिनिटभरात आकडे येतात, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट ऐवज, आणि पाणी घातलंय का तेही. गाईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणी निसर्गानंच घातलेलं असतं, भाव ठरतो तो उरलेल्या 13 टक्क्यांवर. म्हणून तर मोजणं एवढं महत्त्वाचं.

फॅट मोजायची सोपी पद्धत यायला 1890 साल उजाडावं लागलं. अमेरिकेत स्टीफन बॅबकॉक यांनी ॲसिड आणि गरगर फिरणारं यंत्र वापरून फॅट वेगळं करून दाखवलं, त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी स्वतःची पद्धत काढली, आजही कित्येक डेअऱ्यांत तीच गर्बर टेस्ट चालते. त्याआधी काय होतं? बहुतेक ठिकाणी नजर, बोट आणि घेणाऱ्याची मर्जी. पाणी घालणारा आणि न घालणारा दोघांना एकच भाव, मग प्रामाणिक माणसानं प्रामाणिक का राहायचं?

आता ही स्क्रीन बघा. स्क्रीनचं तोंड कुठे आहे ते बघा. दूध घेणाऱ्याकडे नाही, ताईंकडे आहे. आम्हाला विचाराल तर या सगळ्या साखळीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आकडा आधी तिला दिसला पाहिजे जिनं धार काढली. आणि ही पावती, लिटर, फॅट, एसएनएफ, भाव, रक्कम, सगळं छापून हातात. वर नाव ताईंचं, घरातल्या पुरुषाचं नाही. मशीन मात्र रोज धुवायला लागतं आणि ठरावीक दिवसांनी तपासून घ्यायला लागतं, नाहीतर चुकीचाच आकडा छापून मिळतो आणि छापलेल्या आकड्याशी भांडायला गरीब माणूस कचरतो.

[झाकण उघडतं. वाफ नाही, गारवा. पातं फिरतंय]

हा बल्क कूलर. स्टीलची मोठी टाकी, आत हळूहळू फिरणारं पातं, आणि दूध 4 डिग्रीवर. इथे घड्याळ थांबतं. जंतू मरत नाहीत, पण थंडीत त्यांची वाढ मंदावते, आणि मग टँकर दुपारी आला तरी चालतो.

कूलर गावात असला की खरा फरक पडतो संध्याकाळच्या दुधाला. जिथे गार करायची सोय नाही तिथे बऱ्याचदा गाडी फक्त सकाळी येते, संध्याकाळचं दूध घरात राहतं नाहीतर मिळेल त्या भावाला जातं, म्हणजे गाय दोनदा दूध देते आणि घराला पैसे एकदाच मिळतात.

हे कुठे कुठे झालंय? 1946 मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांचा दूध संघ उभा राहिला तेव्हा सुरुवात होती दोन गावच्या सोसायट्या आणि दिवसाला 247 लिटर. तिथूनच पुढे आणंदचा नमुना तयार झाला आणि 1970 पासून ऑपरेशन फ्लड या सरकारी दूध योजनेनं तो देशभर नेला. पूर्व आफ्रिकेत वाट थोडी वेगळी. केनियात बरंचसं दूध सायकलवरून कच्चंच विकलं जायचं, आधी या विकणाऱ्यांच्या मागे पोलीस लागायचे, 2004 च्या सुमारास धोरण बदलायला लागलं, त्यांना हाकलण्यापेक्षा स्वच्छतेचं ट्रेनिंग आणि परवाना द्यायचा असं ठरलं. आम्हाला हे फार पटतं, कारण तो सायकलवालाही गरीबच असतो. मग 2008 पासून केनिया, युगांडा आणि रवांडात शेतकऱ्यांच्याच मालकीच्या शीतकरण केंद्रांभोवती बाकीच्या सोयी गोळा करायचा मोठा प्रकल्प झाला, पशुखाद्य, डॉक्टर, कृत्रिम रेतन सगळं उधारीवर मिळणार आणि दुधाच्या बिलातून कापलं जाणार.

ही कपात चांगली आहे, कारण गाईचा माज 21 दिवसांनी येतो आणि त्या दिवशी हातात पैसे नसले म्हणून रेतन चुकलं तर पुढचे 21 दिवस फुकट खायला घालायचं. पण कपातही पावतीवर दिसली पाहिजे, ओळ न् ओळ.

[घर. वही, दप्तर, नवं पत्र्याचं छप्पर. निवेदन कमी, आवाज तसेच ठेवणे]

बिल दर पंधरा दिवसांनी, ताईंच्या खात्यात. उधारी फिटली, छप्पर झालं, मुलगी शाळेत जाते.

ज्यांच्याकडे गायच नाही, किंवा केंद्रापासून ज्यांचं घर फार लांब आहे, त्यांच्यापर्यंत हे अजून पोचलेलं नाही.

[संध्याकाळ. तोच गोठा, बल्ब अजून लागलेला नाही]

दुसरी धार. भाकड गाय आता गाभण आहे, शेवटचे दोन महिने चालू आहेत, तिच्या पुढ्यात आज जरा जास्त वैरण पडलीये. ताईंनी किटली पालथी घालून पाणी निथळवलं, काळी वाटी घेतली, आणि बसल्या.

[पत्र्याचा आवाज. शेवटपर्यंत]