हात ओळखीचा होईपर्यंत

[दोन हात, नळाखाली. साबणाचा फेस. नखांच्या कडांना काळसर रेघ.]

दुपारचे बारा वाजलेत. नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात एक माणूस हात धुतोय. एकदा धुऊन झाले, हे दुसऱ्यांदा. अंबडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन, म्हणजे धातू कापणारं संगणकी यंत्र, चालवणाऱ्याच्या हाताला कूलंटचा, कापताना सोडतात त्या गार द्रवाचा, वास बसलेला असतो, तो एका धुण्यात जात नाही. बायको आतून म्हणते, "जेवायला बसताना इतके कधी धुतले नाहीत!"

चेहरा दाखवू नका आणि नाव घेऊ नका, एवढीच त्यांची अट. आम्ही लगेच हो म्हटलं. आम्हाला हातच हवे होते. त्यांना आपण दादा म्हणू.

[काचेची पेटी. दिव्याखाली सपाट दगड.]

चार फूट लांबीची पेटी. एका टोकाला दिवा, दिव्याखाली दगड, आणि दगडावर हळदीच्या रंगाचा, शेपटीसकट दीड फूट भरणारा एक प्राणी. हलत नाही. फक्त एक डोळा आमच्या कॅमेऱ्यावर.

बिअर्डेड ड्रॅगन. नावात ड्रॅगन आहे, पण सरळ मराठीत हा दाढीवाला सरडा; दाढी म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी. शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स, मूळ मुलूख ऑस्ट्रेलियाच्या आतला कोरडा, तांबड्या मातीचा भाग. आपल्या कुंपणावर बसून जोर-बैठका काढणारा सरडा याच्याच कुळातला, अ‍ॅगॅमिडी कुळातला. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर गळ्याचा निळा-नारिंगी पंखा फुलवणारा सरडाही त्याच कुळातला. त्या पंखेवाल्यांचा एक गट २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळा काढला, तेव्हा त्याला शास्त्रीय नाव दिलं 'सरडा'. मराठी शब्द, जसाच्या तसा. ज्याला आपली पोरं दिसला की दगड मारतात, त्याचं नाव आता जगभरच्या शोधनिबंधांत छापून येतं.

दादांनी हा घेतला दोन वर्षांपूर्वी, एका पाळणाऱ्याकडून, कागद बघून. ऑस्ट्रेलियानं आपल्या वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात १९६० च्या दशकापासूनच बंद केली आहे. त्यामुळे जगभर घराघरांत दिसणारे हे सरडे पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेले. कुठून आला याचा कागद विकणाऱ्याकडे नसेल, तर घेऊ नका. आणि 'त्यापेक्षा आपली घोरपड पाळू, तारा कासव पाळू' असं कुणाच्या मनात असेल, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. तो गुन्हा आहे. पुढे जाऊ.

[दादांचे हात, कोरडे करताना.]

पहिल्याच संध्याकाळी दादांनी चूक केली. झाकण उघडलं आणि वरून हात घातला, टूलबॉक्समधून पाना उचलतात तसा.

"एका सेकंदात त्याची दाढी कोळशासारखी काळी झाली. तोंड उघडलं, अंग असं चपटं केलं, आणि हातातून उडी मारली. खाली दिवाण होता म्हणून वाचला. मग चार दिवस काही खाल्लं नाही."

वरून येणारा हात. त्यातच सगळं आलं. ऑस्ट्रेलियाच्या उघड्या माळावर वरून येतो तो शिकारी पक्षी. या सरड्याच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मागे मधोमध, एक फिकट ठिपका असतो. तो तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली मात्र कळते. तुमचा हात त्याच्या पुढच्या डोळ्यांना दिसण्याआधी, त्या हाताची सावली ठिपक्यावर पडलेली असते.

हे दादांनी घरात सांगितलं तेव्हा त्यांच्या आई मेथी निवडत बसल्या होत्या. तोवर त्यांचा या पाहुण्याला सक्त विरोध होता. घरात पाल चुकचुकली की 'कृष्ण कृष्ण' म्हणणारी बाई, आणि लेकानं पैसे मोजून सरडा आणलेला. सरड्याची धाव कुंपणापर्यंतच बरी, हे त्यांचं मत. पण तिसरा डोळा ऐकून त्या थांबल्या.

"तीन डोळ्यांचा? मग त्रिंबकच की तो. त्र्यंबकराजा इथं तीस किलोमीटरवर, त्याच्याच जिल्ह्यात आला."

तेव्हापासून हा त्रिंबक.

[सकाळ. पेटीशेजारी खुर्ची, खुर्चीवर वर्तमानपत्र.]

चुकीनंतर दादांनी आठवडाभर हात आतच घातला नाही. खाणंपाणी ठेवायचं, काढायचं, बस. रोज शिफ्टला जाण्याआधी पेटीशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचायचा. त्यानं बघावं, आपण बघू नये. दुसऱ्या आठवड्यात हात आत गेला, बाजूनं, तळवा वर, उताणा, जमिनीला टेकवून. हलवायचा नाही. पाच मिनिटं. बोटांच्या टोकावर कधी जास्वंदाची पाकळी, कधी शेवग्याचा पाला.

"हात झोपला की मुंग्या यायच्या. पण काढला की परत पहिल्यापासून."

सतराव्या दिवशी त्रिंबकनं बोटाला जीभ लावली. एवढंच. सरडे जिभेनं वास घेतात. म्हणून ती दोनदा हात धुण्याची शिस्त. काल कूलंट, आज कांदा, उद्या अत्तर, असा हात रोज नव्या माणसाचा वाटला तर ओळख व्हायची कशी?

[जवळून: तळहात छातीखाली सरकतो.]

आता उचलणं बघा. तळहात समोरच्या बाजूनं छातीखाली. दुसरा हात मागच्या पायांखाली. चारही पायांना आधार, शेपटी मनगटावर टेकलेली. शेपटीला धरायचं नाही. पालीसारखी शेपूट टाकून पळणं याला येत नाही, तुटली तर परत उगवत नाही. आणि दादा त्याला घेऊन उभे राहत नाहीत, फरशीवर मांडी घालून बसतात. पडला तर वीतभरच पडावा. पहिल्या महिन्यात पाच मिनिटं, मग दहा, आता पंधरा-वीस. खाऊन झाल्यावर लगेच नाही. कात टाकत असेल तेव्हा नाही, आणि सुटत आलेली कात ओढायची तर कधीच नाही.

इथे एक तक्रार करतो. मोबाईलवर रील फिरतात: बिअर्डेड ड्रॅगन पुढचा पाय गोल फिरवतोय, खाली लिहिलेलं, 'बघा, टाटा करतोय!' तो टाटा नाही. 'मी लहान आहे, माझ्याशी भांडू नकोस' असं तो समोरच्या मोठ्याला सांगतोय. दाढी काळी करून मान झटके देत हलवली, तर 'ही जागा माझी'. दिव्याखाली तोंड उघडं ठेवून बसला असेल, तर राग नाही, अंग तापलंय, उष्णता बाहेर टाकतोय. हातात घेतल्यावर डोळे मिटले की लोक म्हणतात, लाडात आलाय. पुष्कळदा तो फक्त तुम्हाला बघायचं टाळत असतो.

आणि ते तोंडाला तोंड लावणारे रील! सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. त्यांना काही होत नाही, आपल्याला जुलाब-ताप, आणि पाच वर्षांखालच्या पोराला तर दवाखाना. दादांच्या घरात नियम त्यांच्या आईंचा, म्हणजे घरातल्या आजींचा आहे: हात लावण्याआधी धुवायचे आणि नंतरही धुवायचे, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत आणायची नाहीत.

[ओट्याखाली प्लास्टिकचा डबा. झाकणाला भोकं.]

त्या डब्यात झुरळं आहेत. डुबिया जातीची, पाळलेली, गाजर खाऊन वाढलेली. आजींचं यावरचं भाषण आम्ही पूर्ण रेकॉर्ड केलं होतं, जागेअभावी एकच वाक्य ठेवतो: "घरातली मारायला खडू आणायचा, आणि ही विकतची पोसायची!"

लहानपणी या सरड्याला किडे जास्त लागतात, वाढल्यावर पाला जास्त. किड्याचं माप त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढं, त्याहून मोठा नको. बुधवारच्या बाजारातून शेवगा, मेथी, कोथिंबीर, तांबडा भोपळा येतो. पालक आणि अळू नाही, त्यातलं ऑक्झॅलेट हे द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही. द्राक्षं? नाशिकचा सरडा आणि द्राक्षं नाहीत, हे कसं? एखादं, चिरून, कधीतरी. साखर फार. पण शेतातून धरून आणलेला नाकतोडा त्रिंबकला मिळत नाही. द्राक्षबागांत किती फवारणी होते, हे नाशिककराला सांगायला नको.

काजवा तर पेटीच्या जवळपासही नको. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला अर्धं नाशिक लोटतं. पण काही जातींच्या काजव्यांच्या अंगात असं विष असतं की एक गिळला तरी हा सरडा मरू शकतो.

[बाल्कनी. कोवळं ऊन. जाळीदार टोपली.]

सकाळी अर्धा तास टोपलीत बसून ऊन. अतिनील किरणांशिवाय त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग हाडं मऊ पडून वाकतात. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. म्हणून पेटीत तेच किरण देणारी वेगळी यूव्हीबी ट्यूब आहे, आणि बाल्कनीत काचेऐवजी जाळी. टोपलीवर झाकण, कारण सिडकोच्या आकाशात घारी आहेत.

दगडावरचं तापमान चाळीसच्या आसपास, पेटीच्या गार टोकाला पंचवीस-सव्वीस. दादा ते टेम्परेचर गननं मोजतात. "दहा मायक्रॉनचा फरक पकडायची सवय आहे, हे तर डिग्रीत आहे."

पण पहिल्या जानेवारीत त्यांची फजिती झालीच. निफाडचा पारा पाच-सहावर आला की नाशिकही काकडतं. त्या आठवड्यात त्रिंबकनं खाणं सोडलं, ओंडक्याखाली जाऊन बसला, दिवसा डोळे मिटलेले. दादांनी दोन दिवसांची रजा टाकली. सरपटणाऱ्यांची जाण असलेला जनावरांचा डॉक्टर शोधायलाच एक दिवस गेला. डॉक्टरांनी तपासलं, वजन केलं आणि सांगितलं, आजारी नाही, थंडीत असे मंदावतात. वजन बघत राहा, पाणी ठेवा, उठवू नका. दोन दिवसांचा पगार झोपेवर गेला. आता रात्रीसाठी सिरॅमिक हीटर आहे, आणि वीज गेली तर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी.

[आजी, मांडीवर सूप. शेजारी त्रिंबक.]

हे आम्ही ठरवून घेतलेलं दृश्य नाही. आजी तांदूळ पाखडून बसल्या होत्या, त्रिंबक फरशीवर सोडलेला होता. तो दादांना ओलांडून गेला, नातीला ओलांडून गेला आणि आजींच्या पातळावर चढून बसला. दोन वर्षं हाताला मुंग्या आणणारे दादा बघत राहिले.

याला माया म्हणायचं का? मला म्हणवत नाही. आजी हलत नाहीत, त्यांची मांडी उबदार असते, आणि सरड्याला त्याहून जास्त काही नको असतं. पण त्याला काहीच कळत नाही, हेही खरं नाही. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातला एक प्रयोग २०१४ मध्ये छापून आला. एका बिअर्डेड ड्रॅगनला डोक्यानं जाळीचं दार बाजूला सरकवायला शिकवलं आणि इतरांना ते दाखवलं. बघणाऱ्यांनी तसंच सरकवलं. ज्यांच्यासमोर दार आपोआप उघडलं होतं, त्यांना ते जमलं नाही. म्हणजे तो बघतो, आणि बघून शिकतो. पेपर वाचणाऱ्या दादांना तो दोन वर्षं बघतोय.

आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक. उठवू नका, बसलाय तो."

[पुन्हा पेटी. दुपारचे दोन.]

शिफ्टला निघण्याआधी दादा रोज एकदा हात ठेवतात. बाजूनं, उताणा, दगडाच्या कडेला. आजही ठेवला. त्रिंबकनं एका डोळ्यानं हात बघितला, मग कॅमेरा बघितला. दाढी नेहमीच्या रंगाची. जागचा हलला नाही.

तीन मिनिटं आम्ही थांबलो.

"आज तुम्ही आहात ना," दादा म्हणाले. हात हळूच मागे घेतला, झाकण सरकवलं, पुन्हा नळाशी गेले. ओट्यावरून जेवणाचा डबा उचलला. दुसऱ्या पाळीची बस चौकात उभी होती.