पदर कुठे काढायचा

[दृश्य: गिरगावातली चाळ. रात्र, पाऊस. खोलीत फक्त मॉनिटरचा उजेड.]

रात्रीचे साडेअकरा. खालच्या मजल्यावरचा टीव्ही एकदाचा बंद झालाय. तिसऱ्या मजल्यावर मात्र पंखा, पाऊस आणि कॉम्प्युटर, तिघांचीही घरघर चालू आहे. दिवसभर छापखान्यात लग्नपत्रिका लावणारी ही मुलगी रात्री आकड्यांची चित्रं, म्हणजे फ्रॅक्टल, काढते. 'काढते' हा शब्द तिला पटत नाही. ती म्हणते, "मी शोधते. आणि मग बरंचसं झाकते."

हे झाकणं कळायला आधी थोडं गणित. घाबरू नका, वहीच्या अर्ध्या पानात मावतं.

[दृश्य: चौकटीच्या वहीवर पेन्सिल.]

शून्यापासून सुरुवात. त्याचा वर्ग करायचा, त्यात एक ठरलेली संख्या मिळवायची. जे उत्तर येईल त्याचा पुन्हा वर्ग, पुन्हा तीच संख्या. ठरलेली संख्या १ असेल तर १, २, ५, २६... तिसऱ्या पायरीलाच उधळली. उणे १ घेतली तर उणे १, शून्य, उणे १, शून्य, जन्मभर हेच. आणि ०.३? ती फसवी. ०.३९, ०.४५, ०.५० अशी रांगत जाते आणि बाराव्या पायरीला २ ओलांडते. २ ओलांडले की परत येणं नाही.

पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे अशी एक ठरलेली संख्या. आडवं अंतर आणि उभं अंतर मिळून झालेली. जे ठिपके कधीच उधळत नाहीत, ते काळे. जे उधळतात, त्यांना कितव्या पायरीला उधळले ते बघून रंग. झाला मेंडेलब्रॉट संच.

पण गणित आपल्याला फक्त '३' आणि '१२' सांगून गप्प बसतं. ३ला निळा का आणि १२ला केशरी का, हे त्याला विचारू नये. रॉबर्ट ब्रूक्स आणि पीटर मॅटेल्स्की या गणितज्ञांनी १९७८ साली हा आकार काढला, तो टाइपातल्या फुल्या एकाखाली एक मांडून. १९८० साली, ज्यांचं नाव संचाला मिळालं त्या गणितज्ञ बेन्वा मेंडेलब्रॉट यांनी आयबीएमच्या संगणकावर तो बारकाईने पाहिला, तेव्हाही सगळं काळं-पांढरंच. ऑगस्ट १९८५मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'च्या मुखपृष्ठावर तो रंगीत होऊन आला आणि लोक वेडे झाले. रंग माणसांनी चढवलेत.

[दृश्य: पडद्यावर भडक इंद्रधनुषी फ्रॅक्टल.]

आणि बहुतेकांनी ते असे चढवलेत. प्रोग्रॅमबरोबर आयती मिळणारी रंगपट्टी: लाल, पिवळा, हिरवा, निळा, पुन्हा लाल. गणपतीच्या मांडवाची रोषणाई जशी. मांडवाला ती शोभते, कारण ती लांबून बोलवायला असते. इथे मात्र डोळ्याला बसायला जागा उरत नाही. फ्रॅक्टलची मूळ अडचण हीच: त्यात बारकावे कुठे नाहीत? सगळीकडेच आहेत. मोठं करा, आणखी निघतात.

हिची मावशी दादरला साड्यांच्या दुकानात तीस वर्षं काउंटरला होती. सुरुवातीचं एक चित्र हिने मावशीला कौतुकाने दाखवलं. मावशीने चष्मा वर केला, खाली केला. म्हणाली, "छान आहे गं. पण पदर कुठाय?"

"मावशी, ही साडी नाहीये."

"अगं, अंगभर पदरासारखंच भरलं तर पदर कशाला म्हणायचं? पैठणीचं अंग बघ. बुट्टी, मग मोकळं, मग बुट्टी. म्हणून तो मोर दिसतो."

[दृश्य: तेच चित्र, नव्या रंगात. हळूहळू.]

ही जागा आहे संचातल्या पत्त्यातल्या बदामासारख्या मोठ्या आकाराला जिथे गोल चिकटतो, तिथल्या खाचेतली. उणे ०.७५च्या आसपास. समुद्रघोड्याच्या शेपटीसारखी वेटोळी निघतात म्हणून तिला समुद्रघोड्यांची दरी म्हणतात. आधी वेटोळ्याचा डोळा बरोब्बर मध्यभागी होता. मध्यभागी ठेवला की त्याचं नेमबाजीचं लक्ष्य होतं. ठिपक्यांच्या रांगोळीला मध्य लागतो, कारण तिच्याभोवती माणसं चारी बाजूंनी फिरतात. भिंतीवरच्या चित्राला मात्र वर-खाली असतं. तिने डोळा उजवीकडे, जरा खाली सरकवला आणि अख्खी चौकट थोडी तिरकी केली. शेपूट आता डावीकडून घरंगळत येते.

मग झाकणं. पायऱ्यांचे आकडे कमी असलेला बाहेरचा भाग तिने एकाच राखाडीत विरघळवला; तिथे पूर्वी पट्ट्यांवर पट्टे होते. पायरी ही पूर्ण संख्या असते, त्यामुळे रंगाच्या कडा कापल्यासारख्या दिसतात. मधल्या अपूर्णांकाचा हिशेब केला की त्या मऊ होतात. याउलट काठाशी, काळ्याला लागून, शेजारच्या दोन ठिपक्यांत आकडे शेकड्यांनी उडतात. तिथे रंगांचा नुसता भुगा होतो. त्यावर उपाय दोन: एका ठिपक्याच्या जागी नऊ मोजून सरासरी काढायची, आणि तिथल्या रंगांत फार अंतर ठेवायचं नाही.

रंग कुठून आणले? रोजच्या बघण्यातून. जुलैतल्या ढगाचा राखाडी, माहीमच्या खाडीचा मातकट, चाळीच्या भिंतीवरचा शेवाळी, समोरच्या छपरावरच्या ताडपत्रीचा निळा. आणि अबोली. ती फक्त वेटोळ्याच्या डोळ्यात, चिमूटभर.

माझं स्पष्ट मत सांगतो. कितव्या दशांशापर्यंत खोल गेलो याची शर्यत लावणाऱ्यांची चित्रं मला एकसारखी वाटतात. या चित्रातली जागा उथळ आहे, कोणालाही पाच मिनिटांत सापडेल. ती चिमूटभर अबोली सापडायला हिला दोन आठवडे लागले.

[दृश्य: टेबलावर पसरलेले दोन छापील कागद.]

पहिला प्रिंट आला तेव्हा ती रडायची बाकी होती. ताडपत्रीचा निळा पार मेला होता. छापखान्यात काम करणारीला हे ठाऊक नव्हतं का? होतं की. पडदा उजेड फेकतो, कागद शाईवर भागवतो. पडद्यावरचे काही निळे चार शायांत बसतच नाहीत. पत्रिकांच्या लाल-सोनेरीत तो प्रश्न येत नाही, म्हणून विसरली. दुसऱ्या प्रिंटसाठी तिने निळ्याला हातच लावला नाही. शेजारचा मातकट आणखी मळवला. निळा आपोआप उठला.

मावशीने हा दुसरा कागद खिडकीपाशी नेऊन, तिरका धरून पाहिला. साडी बघतात तसा.

[दृश्य: मॉनिटर. रेषा रेषा करत चित्र उतरतंय.]

मोठ्या आकारातलं शेवटचं चित्र आता चढवलंय. सकाळपर्यंत चालेल. ३४ टक्के. तिने मॉनिटर बंद केला, कॉम्प्युटर चालू ठेवला, आणि पहाटेच्या पाण्यासाठी कळशी नळाखाली लावून ठेवली.