नरकासुराची रात्र, फोवांची सकाळ

(दृश्य: चोर्ला घाटाची वळणं, दुपारचं ऊन. दूर दरीत कापणीला आलेली भातशेतं.)

बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावात आलात की डिचोली जवळच आहे. सावंतवाडीकडून येणाऱ्यांना दोडामार्गाचा रस्ता थेट इथंच आणून सोडतो. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही रस्ते गाड्यांनी भरलेले असतात, पण त्यांतल्या बहुतेक गाड्या डिचोलीत चहापुरत्याही थांबत नाहीत. सगळ्यांना समुद्र गाठायचा असतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी मात्र इथं मुक्काम करावा आणि सकाळचे फोव, म्हणजे पोहे, खाऊनच निघावं. गोव्याची दिवाळी समजून घ्यायची तर एवढी एक रात्र आणि एक पहाट पुरते.

साखळी सोडल्यावर वाड्यावाड्यांच्या, म्हणजे वस्त्यांच्या, तोंडाशी मुलं रस्त्यावर दोरी आडवी धरून उभी दिसतील. घाबरू नका, ही नरकासुराच्या पुतळ्यासाठीची वर्गणी आहे. वेग आधीच कमी करा, दहा-वीस रुपयांच्या सुट्या नोटा हाताशी ठेवा. वळणावर दोरी अचानक समोर येते आणि जोरात ब्रेक लागला तर मागची गाडी येऊन आदळते. ही शिस्त मोठ्यांनी मुलांना शिकवायला हवी : दोरी सरळ रस्त्यावर धरायची, वळणावर कधीच नाही.

(दृश्य: बांबूचा सांगाडा, भाताच्या पेंढ्या, सुंभाची गुंडाळी.)

नरकासुर म्हणजे प्राग्ज्योतिषपूरचा राजा. कृष्णाने सत्यभामेला बरोबर घेऊन त्याचा वध केला, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. गोव्यात ती कथा हाताने बांधली जाते आणि पहाटे जाळली जाते. लहान मुलांचा नरकासुर पाच-सहा फुटांचा, मोठ्या मंडळांचा दुमजली घराला टेकणारा. बांधणीचं तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच.

मधोमध एक जाड बांबू किंवा लाकडी वासा उभा राहतो. हा नरकासुराचा कणा. त्याला खांद्याच्या आणि कमरेच्या उंचीवर आडवे बांबू बांधतात. छातीचा घेर बांबूच्या चिवट कांबीच्या कड्यांनी काढतात. मग येतो पेंढा. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी होत असते, त्यामुळे नवा पेंढा हवा तेवढा मिळतो, पण तो नवा असल्यामुळेच ओलसरही असतो. दोन दिवस कडक ऊन दिल्याशिवाय तो वापरू नये. ओला पेंढा आतून कुबट होतो, वरचा कागद सोडवतो आणि पहाटे पेटायच्या ऐवजी नुसता धूर ओकत बसतो.

पेंढा सुंभाने बांधायचा. इथं हाताचा अंदाज लागतो. फार आवळला तर आत हवा राहत नाही, आग धुमसते. सैल ठेवला तर रात्रभर मिरवताना पोट खाली घसरतं आणि राक्षस कमरेत वाकतो. बोट खुपसल्यावर पहिल्या पेरापर्यंत जावं, त्यापुढे अडावं, इतपत घट्ट.

वरून कागद. मैद्याची खळ करताना एक वाटी मैद्याला सहा वाट्या पाणी घ्यावं. मैदा आधी थंड पाण्यात कालवून मग शिजवावा, नाहीतर गुठळ्या होतात आणि कागदाखाली त्यांचे फोड उठतात. वर्तमानपत्राचे तीन थर द्यावेत आणि प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा घ्यावा. शेवटचा थर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा, म्हणजे रंग खुलतो. रंग पाण्यात कालवलेलेच चांगले. तेलरंग वाळायला वेळ घेतात आणि जळताना काळा, घसा धरणारा धूर सोडतात.

(दृश्य: मुखवट्याचे डोळे रंगवणारा हात, अगदी जवळून.)

मुखवटा हा नरकासुराचा जीव. बाजारात तयार मुखवटे मिळतात आणि घाईतली मंडळी तेच आणतात. पण एखाद्या वाड्यावर मातीच्या साच्यावर कागदाचे थर चढवून मुखवटा केलेला दिसला, तर तिथं थोडा वेळ रेंगाळा. माणसाचं डोकं उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं असतं. नरकासुराचं पाचव्या, कधी चौथ्या हिश्शाएवढं करतात. कारण लोक त्याला खालून पाहतात, आणि खालून पाहताना डोकं आहे त्यापेक्षा लहान दिसतं. बुबुळंही किंचित खाली वळवायची. नजर सरळ ठेवली तर राक्षस समोरच्या छपराकडे बघत राहतो, रस्त्यावरच्या पोराला भीती वाटतच नाही. थर्माकोलचे मुखवटे हलके असतात, पण त्यांचा धूर विषारी. कागद मिळत असताना ते वापरू नयेत, हे स्पष्टच सांगितलं पाहिजे.

गडबड होते ती बहुधा हातात. तलवार किंवा गदा उगारलेला उजवा हात सगळा तोल आपल्याकडे ओढतो. म्हणून उलट बाजूला, चाकांच्या पाटावर, वाळूची पोती ठेवतात आणि खांद्यांपासून चार दिशांना चार दोर घेतात. दोर धरणारी चार माणसं रात्रभर बदलू नयेत. त्यांना त्या पुतळ्याचा झोल कळलेला असतो, नव्या माणसाला तो कळेपर्यंत पुतळा आडवा झालेला असतो. दुसरा शत्रू म्हणजे रस्त्यावरच्या विजेच्या तारा. बांबूने तार उचलून वाट काढणं जिवावर बेततं. शहाणी मंडळं मान बिजागरीवर बसवतात, तार आली की डोकं मागे पाडतात, पुढे गेलं की पुन्हा उभं करतात. कळ दाबली की हात हलवणारे, डोळे फिरवणारे नरकासुर हल्ली वाढलेत. त्यांच्या पोटात लोखंडी सांगाडा असतो. त्याचं काय होतं ते सकाळी दिसेल.

आणि परतीचा पाऊस. संध्याकाळी चारला आभाळ भरून आलं की वाड्यावर एकच धावपळ उडते, ताडपत्री शोधायची. मुखवटा आधी झाकतात, धड नंतर. धड भिजलं तर वाळतं, मुखवट्याचा रंग उतरला की चेहरा गेला.

(दृश्य: रात्र. बोर्ड्याची चढण, दिव्यांची रांग, लोकांची वर्दळ.)

गाडीचं एवढं सांभाळा. अंधार पडायच्या आत गावात पोचा, टाकी आधी भरून घ्या. गाडी बाजारात आणू नका. ज्या दिशेने उद्या निघायचं आहे त्या बाजूला, गावाबाहेर, तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा. रात्री रस्ते अडतात आणि मधे अडकलेली गाडी पहाटेपर्यंत हलत नाही. पुढचा सगळा प्रवास पायी. बोर्डे, व्हाळशी, सुंदरपेठ असे वाडे फिरा. स्पर्धेच्या मैदानावर सगळ्यात उंच नरकासुर दिसतील, पण सगळ्यात जिवंत नरकासुर आतल्या वाड्यांवर असतात, दहा-बारा वर्षांच्या पोरांनी बांधलेले, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा.

आवाजाबद्दल बोलायलाच हवं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार ती मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. तरीही काही ठिकाणी भिंतीएवढे स्पीकर लागतात, आणि त्या ठोक्यांपुढे ढोल-ताशा ऐकू येत नाही. तान्हं मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर मुक्काम मुख्य रस्त्यापासून आत घ्या.

(दृश्य: पहाटेचा गारवा. धनुष्य घेतलेला बाळकृष्ण, झोपेने जड झालेले डोळे.)

चारच्या सुमारास गर्दी पातळ होते. पर्यटक झोपायला जातात, आणि नेमकी तेव्हाच मुख्य गोष्ट सुरू होते. कुठल्यातरी घरातला लहानगा कृष्ण होऊन येतो. नरकासुराला मोकळ्या जागी, तारांपासून दूर नेतात. वाऱ्याची दिशा बघून माणसं पाठीवर वारा घेऊन उभी राहतात. पेट्रोल ओतणं ही सर्वांत धोक्याची चूक. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि भडका काडी ओढणाऱ्याच्याच पायाशी उठतो. पेंढा नीट वाळलेला असेल तर पायाशी धरलेला एक पलिता पुरतो. आग आधी पोटात शिरते, छाती उजळते, आणि मुखवटा सगळ्यात शेवटी, आतून लाल होत कोसळतो. त्या क्षणी ओरडणारी पोरंसुद्धा गप्प होतात. आठवडाभर त्यांनीच तो चेहरा रंगवलेला असतो.

मग सगळे घरी पळतात. न्हाणीत आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेलं तांब्याचं भाण, म्हणजे आंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं, तापलेलं असतं, त्याला झेंडूची आणि कारिटांची माळ. तेल लावून आंघोळ झाली की तुळशीसमोर कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फोडायचं, ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणायचं, कडू रस जिभेला लावायचा. कारीट म्हणजे अंड्याएवढं रानफळ. ओल्या फरशीवर ते पायाखालून सटकतं, म्हणून आधी बोटाने दाबून थोडं चिरून घेतात.

(दृश्य: केळीच्या पानावर पाच तऱ्हेचे पोहे.)

कडू झालं, आता फोव. आज घरोघरी ते पाच-सहा तऱ्हांचे होतात : रोसातले, दुधातले, ताकातले, फोडणीचे, बटाट्याचे, गूळखोबऱ्यात कालवलेले. सोबत वाटाण्याचं तोणाक, म्हणजे रस्साभाजी. रोसातल्या फोवांसाठी पाव किलो जाड तांबड्या पोह्यांना एक मोठा नारळ आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम गूळ. पोहे धुऊन, निथळून दहा मिनिटं झाकून ठेवायचे. नारळाचा दाट रस काढून गूळ त्यातच हाताने विरघळवायचा, चिमूटभर मीठ आणि वेलची. रस चुलीवर ठेवू नका, फाटतो. आणि पोहे रसात घालायचे ते पान मांडल्यावरच. आधी घातले तर ते सगळा रस पितात आणि खाली उरतो तो लगदा. ज्या घरी उतरला असाल तिथून ‘फोव खावंक येयात’ असं बोलावणं येईलच. पोटात जागा ठेवून जा, कारण शेजारच्या घरूनही येतं.

गाडी काढाल ती आठनंतर. रस्त्यावर जागोजागी काळे डाग दिसतील, राखेचे. त्यांच्यावरून चाक नेऊ नका. बांधणीची तार, लहानमोठे खिळे सगळं त्या राखेत असतं आणि डिचोलीच्या पंक्चरवाल्याकडे आज रांग असते. निघायच्या आधी चारही टायर हाताने चाचपून बघा, स्टेपनीत हवा आहे याची खात्री करा. जाताना नार्वेला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी पुन्हा उभारलेलं. सकाळच्या शांततेत ते बघून मगच किनाऱ्याकडे वळा.

(दृश्य: चौकातला काळा पडलेला लोखंडी सांगाडा. दोन मुलं आणि एक हातगाडी.)

हा तो हलणारा नरकासुर. पेंढा गेला, कागद गेला, लोखंड उरलं. नीट चालणारं मंडळ तो सांगाडा त्याच सकाळी उचलतं, राख झाडतं, रस्त्यावरून चुंबक फिरवून खिळे गोळा करतं. मग सांध्यांना तेल लावून तो एखाद्या मांगरात, म्हणजे खोपटात, ठेवला जातो, पुढल्या आश्विनापर्यंत.