एका मुलाभोवतीचे शिक्षण: सातपुड्यातून ऑनलाइन साहित्याचा विचार

मित्रहो, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ या पट्ट्यात काम करणाऱ्यांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. या आजाराचे एखादे मूल जन्मल्यापासून आश्रमशाळेत दाखल होईपर्यंत किती जणांच्या हाताखालून जाते, याचा विचार करा. आईचे रक्त तपासणारे लॅब टेक्निशियन, घरी येणाऱ्या आशाताई, वजन घेणाऱ्या अंगणवाडीताई, लस टोचणाऱ्या नर्सताई, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर, शाळेचे अधीक्षक आणि कुटुंबाला दाखले मिळवून देणारे समाजकार्यकर्ते. ही सगळी माणसे एकाच मुलासाठी राबतात, पण शिकत असताना ती एकमेकांसोबत कधी बसलेली नसतात. ऑनलाइन शिक्षणाचा खरा उपयोग इथे आहे, असे मला वाटते, आणि आज तो जवळजवळ होतच नाही.

साहित्याचा तुटवडा आहे, असे म्हणता येणार नाही. 2017 मध्ये ‘स्वयं’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले. 2020 च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक व्यासपीठावर प्रशिक्षणे आली. पण डॉक्टरांचा अभ्यासक्रम वेगळा, परिचारिकांचा वेगळा, अंगणवाडीचा आणखी वेगळा, अशीच ही मांडणी राहिली आहे. कागदावरच्या भिंती जशाच्या तशा पडद्यावर आल्या. समाजकार्याचा विद्यार्थी तर आरोग्याच्या धड्यांत बहुधा कुठेच दिसत नाही.

एकत्र न शिकण्याची किंमत जगाने मोजली आहे. आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबी 2000 मध्ये लंडनमध्ये छळामुळे मरण पावली. तिला सामाजिक सेवांनी पाहिले होते, पोलिसांनी पाहिले होते, रुग्णालयांनीही पाहिले होते. लॉर्ड लेमिंग यांच्या 2003 च्या अहवालाने दाखवून दिले की तिला वाचवण्याच्या बारा संधी हुकल्या, कारण प्रत्येकाकडे माहितीचा एकेक तुकडा होता आणि ते तुकडे एकमेकांना जोडले गेले नाहीत. आरोग्य आणि समाजसेवा या शाखांच्या विद्यार्थ्यांनी शिकतानाच एकत्र यावे, या आग्रहाला ब्रिटनमध्ये त्यानंतर अधिक बळ मिळाले. पुढे 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आंतरव्यावसायिक शिक्षणाचा आराखडा मांडला. त्याचे सूत्र असे, की दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावे. नुसते एका वर्गात बसणे किंवा एकच व्हिडिओ पाहणे यात येत नाही.

आता आपल्या मुलाकडे परत येऊ. समजा, धड्यात सात महिन्यांचे एक बाळ आहे. त्याच्या हातापायांना सूज आहे आणि ताप आहे. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला तापाची नोंद दिसते. वैद्यकीय विद्यार्थ्याला ठाऊक असते की सिकलसेलच्या बाळाला ताप येणे ही तातडीची बाब आहे. अंगणवाडीताईंकडे वजनाचा आलेख आहे आणि दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेल्याची, म्हणजे तीव्र कुपोषणाची, नोंद आहे. आई ऊसतोडीला गुजरातेत जाणार असून मागे बाळाला कोण पाहणार, हे समाजकार्याच्या विद्यार्थ्याला कळते. धडा असा रचावा की प्रत्येकाच्या पडद्यावर फक्त त्याच्या व्यवसायाला सहज मिळणारी माहिती असेल आणि बाकीच्यांना विचारल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडणारच नाही. इथे शिक्षकापेक्षा रचनाच अधिक शिकवते.

याच धड्यात लोहाचा प्रश्न घालता येईल. रक्त कमी म्हणून लोहाचे औषध द्यावे, असे अंगणवाडीताई आणि आशाताई शिकलेल्या असतात आणि ते सामान्यतः योग्यच आहे. पण सिकलसेलमधला रक्तक्षय बहुतेक वेळा लाल पेशी लवकर फुटल्यामुळे होतो. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या शरीरात तर लोह साठत जाते. म्हणून लोहाची कमतरता तपासल्याशिवाय ते देऊ नये, हे डॉक्टरांनी सांगायचे असते. उलट, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे आणि त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते, ही गोष्ट अनेक डॉक्टरांना समाजकार्यकर्त्याकडूनच कळेल. हे असे देणेघेणे झाले नाही, तर एकत्र शिक्षणाचे नाव घेण्यात अर्थ नाही.

संवाद चालवणारी व्यक्ती मात्र हवीच. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. त्यात दूरच्या गावांतले डॉक्टर आणि परिचारिका नियमित व्हिडिओ बैठकीत आपले रुग्ण मांडत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यापीठाच्या रुग्णालयात 57.5 टक्के, तर या गावांत 58.2 टक्के हिपॅटायटिस-सी या यकृताच्या आजाराचे रुग्ण बरे झाल्याचे आढळले. हे यश व्हिडिओच्या गुणवत्तेचे नव्हते. रुग्ण मांडणाऱ्याला उत्तर मिळत होते आणि बाकीचे ते ऐकत होते. आपल्याकडच्या बैठकीत पद मोठे असलेली व्यक्तीच पहिल्यांदा बोलते, आणि मग आशाताई गप्प होतात. म्हणून सूत्रसंचालकाने बोलण्याचा क्रम उलटा ठेवावा, हा माझा आग्रह आहे.

धडगावच्या वरच्या पाड्यांत मोबाइलची रेंज भरवशाची नसते. त्यामुळे धडा मोबाइलमध्ये उतरवून घेता आला पाहिजे, आणि लांबलचक व्हिडिओऐवजी आवाजाचे छोटे तुकडे अधिक चालतील. मजकूर मराठीत असावा, पण कुटुंबाशी बोलण्याचे प्रसंग पावरी, भिली आणि अहिराणीत ऐकू यावेत. सल्ला त्या भाषेत दिला नाही तर तो घरात पोहोचत नाही. जो धडा जळगावात तयार होईल तो नंदुरबारला बदलून वापरता यावा, यासाठी त्यावर मुक्त परवाना, म्हणजे कुणालाही तो वापरण्याची आणि बदलण्याची मुभा, असणे आवश्यक आहे.

सर्वांत अवघड काम वेळापत्रकाचे आणि परीक्षेचे आहे. वैद्यकीय, परिचर्या आणि समाजकार्य महाविद्यालये वेगवेगळ्या विद्यापीठांच्या आणि परिषदांच्या नियमांखाली आहेत. ज्या धड्याला गुण नाहीत, तो विद्यार्थी उघडत नाही. निदान महिन्यातून एक तास तिघांच्या वेळापत्रकात सामाईक ठेवून, त्या तासाच्या चर्चेला अंतर्गत गुणांत स्थान देण्याचा निर्णय प्राचार्यांच्या पातळीवर घेता येईल. त्यासाठी आधी कायदा बदलण्याची गरज नाही.